बाई पाळीवर आहेत

माझ्या आईला सगळं गाव ‘बाई’ म्हणायचं. ती मुलींच्या शाळेची मास्तरीण होती. चौथीपर्यंत मीही तिच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे शाळेत मलाही तिला ‘बाई’च म्हणावं लागे. ‘आई’ अशी हाक मारली तर ती फळ्याकडून मान वळवायचीच नाही. एकदा वर्गात माझ्या पायाशी विंचू निघाला आणि मी “आई गं!” म्हणून ओरडले. तिने चपलेने विंचू मारला, चप्पल झटकून पायात घातली, आणि सगळ्या वर्गासमोर मला म्हणाली, “शाळेत आई नसते.”

घरी तरी कुठे होती? हे मी तेव्हाही म्हणत असे आणि आज सत्तरी उलटल्यावरही म्हणते.

आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाच्या तोंडाशी. तेव्हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. गाव धानाचं आणि गावाच्या डोक्यावर एक मोठा तलाव. वडील जंगलखात्यात नाकेदार होते. त्यांचा नाका आत, सागाच्या जंगलात. महिन्यातून एखादी खेप घरी यायचे, अंगाला धुराचा वास घेऊन. बोलणं कमी. एकदा मात्र आईच्या देखतच मला म्हणाले, “तुझी आई साऱ्या गावाची आई आहे. माझी तेवढी साहेब आहे.” आई हसली, आणि त्यांना शाळेच्या दाराची बिजागरी ठोकायला घेऊन गेली.

मी थोरली. माझ्या पाठीवर दोघी बहिणी. आई पहाटे उठून सडा-सारवण, तुळशीची पूजा आणि पोथीचा अध्याय उरकून शाळेत जाई. शाळा सुटली की बाळंतिणींकडे, नाहीतर कुणाच्या घरी, ‘पोरगी काऊन पाठवली नाई’ म्हणून भांडायला. रोवण्याच्या दिवसांत सगळ्या पोरी चिखलात धानाचे परे, म्हणजे रोपं, लावायला जायच्या, तेव्हा ही बया पाटी घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून पाढे म्हणून घ्यायची. पोरी वाकलेल्या, हात चिखलात आणि तोंडाने तेरा एके तेरा. संध्याकाळी शाळेच्या पडवीत प्रार्थना. तिला सगळ्या जातीची माणसं एका चटईवर हवी असत, आणि ती येतही असत. यातलं काहीही वाईट नव्हतं, तेच तर दुखणं! वाईट असतं तर भांडता आलं असतं. चूल, विहिरीचं पाणी, धाकट्यांच्या वेण्या, हे सगळं माझ्या गळ्यात होतं आणि कोणाकडे तक्रार करावी तर समोरचा म्हणायचा, “पोरी, तुझी माय देवमाणूस हाय.”

त्यातून तिचा एक नेम होता. दुपारी घरच्यांच्या आधी बाहेरचं कुणीतरी जेवलं पाहिजे. पाहुणा, वाटसरू, भिक्षेकरी, कोणीही. तो जेवल्याशिवाय ती घास घ्यायची नाही. आणि ती घेणार नाही तर आम्ही तरी कशा घेणार? आता चांद्या-नागपुरात असा नेम चालून जाईल. आमच्या गावाला नीट रस्ता नव्हता. पावसाळ्यात तर कावळासुद्धा विचार करून यायचा. मी भात उतरवून, वरणाला फोडणी देऊन बसलेली, बहिणी दारात उभ्या राहून लांबवर कोणी दिसतंय का बघताहेत, भात गार होतोय. शेवटी धाकटी रडत रस्त्यावर पळायची आणि दिसेल त्याला हात धरून म्हणायची, “चला ना जेवायला, मले भूक लागली.”

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. एका म्हाताऱ्याला तर चांगलंच कळलं. हा तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी होता. बायको मेलेली, सुनेशी पटत नसे. एके दिवशी तो बरोबर दुपारी ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “बाई, तुमचा देव मीच.” आईला कोण आनंद झाला! तेव्हापासून तो रोज येऊ लागला. भूक वेळेवर भागायला लागली हे खरं, पण त्याबदल्यात रोज त्याची बोलणी ऐकावी लागत. पानावर बसला की आधी वास घ्यायचा. “आज वरणात मीठ नाई.” दुसऱ्या दिवशी, “भात चिकट झाला ना पोरी.” आमच्या घरी मासळी शिजत नसे. त्यावर त्याचं रोजचं एकच वाक्य ठरलेलं: “मासे खात नाई म्हणून तुमच्या अंगात कस नाई.” एकदा मी पळी आपटून म्हटलं, “मग सुनेच्या घरी जा ना जेवायला!” तो शांतपणे म्हणाला, “ती तुझ्यापेक्षा खराब रांधते.”

आईने आतून सांगितलं, “अतिथीशी असं बोलू नये.”

शेजाऱ्यांना हे आवडत नव्हतं. मास्तरीणबाईच्या घरात ढिवर पानावर बसतो, याची विहिरीवर कुजबूज व्हायची. आईला कोणी तोंडावर विचारलं की ती विचारायची, “भूक कोणत्या जातीची असते, मले सांगा बरं.” विचारणारा निघून जायचा. मग पाणी भरायला मी गेले की माझी घागर सगळ्यात शेवटी.

मी सतरा-अठराची झाले तेव्हा मालगुजारी जाऊन थोडे दिवस झाले होते. पूर्वी तलावाची डागडुजी मालगुजार करून घ्यायचा. त्याने गावाला राबवलं असेल, पण तलाव तरी धड होता. आता तलाव सरकारजमा झाला, म्हणजे कोणाचाच राहिला नाही. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, घुशींनी बिळं पाडली, पाणी सोडायची मोरी ढासळली. धान पिकवणारे म्हणायचे, उन्हाळ्यात तलाव पार आटवा, मोरी बांधू, पाळीवर माती टाकू. ढिवर म्हणायचे, तलाव आटवला तर मासोळीचं बी मरेल, आम्ही खायचं काय? दोन्ही बाजू खऱ्या. हाणामारीपर्यंत गोष्ट गेली. एकाचं डोकं फुटलं, ते माझ्या आईने शिवलं नाही एवढंच. हळद दाबून पट्टी मात्र तिनेच बांधली, आणि बांधता बांधता दोन्हीकडच्यांना एवढं बोलली की सगळे खाली मान घालून बसले.

पुढचे कितीतरी दिवस तिची या घरातून त्या घरात ये-जा चालली. अखेर तोड निघाली. ढिवरांनी आधी मोठी मासोळी धरून घ्यायची. मासोळीच्या बीसाठी शेजारच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पाणी राखून ठेवायचं. मग तलाव आटवायचा आणि दोन्हीकडच्या घरांनी मिळून माती टाकायची. माती टाकायचा दिवस ठरला गुरुवार, कारण बुधवारी बाजार.

आणि गुरुवारीच मला पाहायला येणार होते.

ही सोयरीक माझ्या मामाने आणली होती. ब्रह्मपुरीकडचं घर, मुलगा चांद्याला कचेरीत कारकून. मला ते स्थळ मनापासून हवं होतं. मुलाला मी पाहिलंही नव्हतं, पण चांदा पाहिला होता. परकोटाच्या आत बाजार, दिवे, आणि माझं स्वतःचं स्वयंपाकघर. जिथे दुपारी मी ठरवीन तेव्हा जेवायचं आणि ओट्यावर कोणी बसलेलं नसायचं. एवढीच माझी स्वप्नं होती. फार होती का?

त्या पहाटे मी आईला म्हटलं, “एक दिवस पाळीचं काम पुढे ढकल.”

“आज जमले आहेत बाप्पा. उद्या जमतील याचा नेम नाई. मी मधात उभी नसली तर पहिल्या टोपल्यालाच भांडण होते.”

“आणि पाहुणे?”

“ते दुपारी येतील. मी सकाळी जाऊन लगेच येतो. तू पोहे भिजवून ठेव.”

आमच्याकडे बायाही ‘येतो, जातो’ म्हणतात. ती पदर खोचून गेली.

उन्हाळ्याचे दिवस. शहाण्या माणसाने बैलगाडी पहाटे जुंपावी आणि ऊन चढायच्या आत मुक्काम गाठावा. पाहुणे शहाणे निघाले. मी चुलीपुढे, केस मोकळे, अंगावर जुनं लुगडं, आणि दारात रेंगी येऊन थांबली. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून मी मागच्या दाराने पळाले ते न्हाणीत. रेंगीतून उतरले मुलाचे वडील, मुलाची आत्या आणि माझा मामा. त्यांचं स्वागत करायला घरात मोठं कोणी नव्हतं. वडिलांना जंगलातून निघायला उशीर झाला होता.

होता कोण? म्हातारा. त्या दिवशी पाळीवर सगळं गाव गेलं म्हणून तो आमच्या ओट्यावर लवकरच येऊन बसला होता. कंबर धरल्यामुळे त्याला टोपलं उचलता येत नव्हतं. न्हाणीच्या कुडाआडून मला सगळं ऐकू येत होतं.

“या, बसा,” म्हातारा म्हणाला, घरचा मालक असल्यासारखा. “कोणतं गाव?”

मुलाच्या वडिलांनी गाव सांगितलं.

“लंबून आले. पाणी प्या. बाई पाळीवर आहेत.”

“पाळीवर म्हणजे?”

“तलावाच्या पाळीवर. माती टाकून राह्यल्या. त्या नसल्या तर आमचे लोक एकमेकाचे मुंडके फोडतेत.”

आत्याबाईंनी विचारलं, “तुम्ही मुलीचे कोण?”

“मी? मी रोज इथी जेवतो.”

मामाला खोकला आला. म्हाताऱ्याला वाटलं, आता आपण पोरीचं कौतुक केलं पाहिजे. त्याने केलं. “पोरगी कामाची आहे. तिच्या हाताला मिठाचा अंदाज नाई, अन् जीभ तिखट हाय. पण मन साफ. माह्या सुनेपेक्षा लाख पटीनं बरी.”

मी न्हाणीत डोकं गुडघ्यात घालून बसले. धाकटी बहीण पाळीवर धावत गेली. मी कसंबसं लुगडं बदललं, मोकळे केस बांधले आणि पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आले. आत्याबाईंनी मला बसवलं, चार प्रश्न विचारले. मी उत्तरं देत होते आणि म्हातारा शेजारून पुरवणी जोडत होता. तेवढ्यात आई आली.

मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, हातभर बांगड्या चिखलात बुडालेल्या, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. तिने लांबूनच हात जोडले. “माफी करा, अंदाज चुकला. एवढे पाय धुतो, आलोच.” ती विहिरीकडे वळते न वळते तोच तलावाकडून आरडाओरड ऐकू आली. मागोमाग एक माणूस पळत आला. “बाई, चला लवकर, मोरीपाशी फावडं उगारलं!”

आई थांबली. माझ्याकडे तिने पाहिलं, हे मला आठवतं. मग मुलाच्या वडिलांकडे वळून म्हणाली, “भाऊ, आमच्या गावचं डोकं फुटण्याआधी जाऊन येऊ द्या. तुम्हीही चला ना. चार माणसं पाहुणी दिसली की हे शरमतात.”

मुलाचे वडील बसल्या जागचे हलले नाहीत. ती गेली.

पाहुणे पोहे खाऊन उठले. अजून ऊन उतरायचं होतं, तरी बैल जुंपले. वडील जंगलातून पोहोचले ते रेंगी गावाबाहेर पडल्यावर. वाटेत भेट झाली आणि नमस्कार तेवढा झाला. चार-आठ दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. मुलगी पसंत होती. पण त्या लोकांचं म्हणणं असं पडलं की या घरात कोणीही येऊन जेवतो आणि घरची बाई घरात नसते. ‘असल्या घरची पोरगी आमच्याकडे आली की उद्या आमच्या ओट्यावर कोण बसेल सांगता येत नाई.’

आई देवाजवळ वाती वळत बसली होती. ती म्हणाली, “बरं झालं, आधीच कळलं.”

माझा तोल गेला. “तुला बरं झालं! गावातल्या साऱ्या पोरी दिसतात तुला. कोणाची शाळेत आली नाई, कोणाला ताप आला. एक तुझ्या घरात आहे ती दिसत नाई.”

“तलावाचं काम टाकून आली असती तर पाळ राहिली असती का?”

“अन् माझं लग्न?”

“लग्न काही पाण्यात वाहून जात नाई, पोरी.”

मी रागाने माजघरातली चटई उचलून शेजारच्या काकूंकडे झोपायला गेले. बरेच दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. ती मात्र नेहमीसारखीच बोलायची, जणू काही झालंच नाही. त्याने अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा. एवढं खरं की पाळीवर माती पडली, मोरी बांधून झाली, आणि त्या पावसाळ्यात तलाव भरला तरी पाळ फुटली नाही. धानही बरं झालं. लोक आईच्या पाया पडायला आले आणि त्यांच्यासाठी चहा मला करावा लागला.

त्यानंतर दिवाळीच्या सुमाराला ती एके दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, “चांद्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी तुझं नाव घातलं आहे.”

मला विचारलं नव्हतं, वडिलांना विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “मले मास्तरीण व्हायचं नाई. मी पाहिली आहे मास्तरीण.”

“तुले चांद्याला जायचं होतं ना?”

“लग्न होऊन जायचं होतं.”

“आधी पायावर जा. मग पालखीत जा.”

मी रडले, वडिलांकडे दाद मागितली. वडील सुपारी कातरता कातरता म्हणाले, “जा. निदान तिथी ती नसेल.” या एका गोष्टीने माझं मन वळलं, हे सांगायला मला आज काही वाटत नाही.

पण पोहोचवायला तीच आली. गाडीने नदीपर्यंत, डोंग्याने नदीपार, तिथून मोटारीने मूल गावावरून चांदा. डोंग्यात नावाड्याची बायको भेटली, तर हिने तिच्याकडून पोरीला शाळेत घालायचं वचन घेतलं. मोटारीत शेजारी बसलेल्या माणसाला बिडीपायी झापलं. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, माझा हिच्याशी काही संबंध नाही अशी.

वसतिगृहात माझ्याच खोलीत एक मुलगी आली होती, सिरोंच्याकडची. तेलुगू बोलणारी, मराठी अडखळत. तिच्याजवळ एका सतरंजीशिवाय अंथरायला-पांघरायला काहीच नव्हतं. आईने तिची विचारपूस केली, डोक्यावरून हात फिरवला, मग माझी वळकटी सोडली. आत माझी जाड गोधडी होती. आजीने शिवलेली, माझ्या लहानपणच्या परकरांचे तुकडे असलेली. आईने ती उचलली आणि त्या मुलीच्या मांडीवर ठेवली.

“आई, ती माझी आहे!”

“तुझ्याजवळ चादर आहे ना. इचं घर लंबं आहे.”

त्या मुलीने गोधडी परत द्यायला हात पुढे केला, तर आईने तो मागे सारला. मग मला म्हणाली, “अभ्यास कर. देवाला विसरू नको. अन् वरणात मीठ पाहून टाक.” एवढं बोलून ती मोटार गाठायला निघाली. फाटकाशी ती थोडी थांबली. पण वळून पाहिलं नाही. ती रडत असेल असं मला वाटलं, म्हणून मी मागे धावले. ती फाटकाच्या चौकीदाराला विचारत होती, “तुम्हाले लिहिता-वाचता येते का, भाऊ?”

पुढे थंडी पडली. चांद्याची थंडी जंगलाच्या अंगाने येते. मी चादर डोक्यावरून घेऊन कुडकुडत पडायचे आणि माझ्याच गोधडीत ती सिरोंच्याची मुलगी सुखाने घोरायची. एक-दोनदा तिने मला आत बोलावलं, पण ती झोपेत लाथा मारायची.

एका रविवारी वडील आले. नाक्यावरून सरळ चांद्याला, घरी न जाता. काखेत घोंगडी. ती त्यांची स्वतःची, जंगलात रात्री पांघरायची. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

मी विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं? आईने?”

“तिनं कायले सांगावं! ती म्हणाली, पोरगी मजेत आहे. मी म्हटलं, ही पोहोचवायला गेली होती, म्हणजे पोरीचं काहीतरी कुणालेतरी देऊन आलीच असेल. काय दिलं?”

“गोधडी.”

“हं. मला वाटलंच, पांघरूण असेल. माझ्या लग्नातला कोटही असाच गेला.”

हे मला नवीनच होतं. कोणाला दिला, कधी दिला, मी विचारत गेले. वडील, जे घरी दोन वाक्यांच्या वर बोलत नसत, ते वसतिगृहाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून सांगू लागले. कोट एका कोंडवाड्याच्या शिपायाला गेला. लग्नातली मोठी परात शाळेत गेली ती तिथेच राहिली. एकदा पगाराचे तांदूळ घेऊन आले तर घरात ते सगळे संपवतील एवढी माणसं जेवायला बसलेली. मी त्यांना पाहुण्यांच्या दिवशी न्हाणीतून काय काय ऐकलं ते सगळं सांगितलं, म्हाताऱ्याच्या आवाजात. वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसून म्हणाले, “सांगायची सोय नाई पोरी, कोणालेच. सारे म्हणतात, नशीबवान आहा.”

“मलाही तेच म्हणतात.”

आम्ही फुटाणे खात दुपारभर तिच्या कागाळ्या करत बसलो. मोटारीची वेळ झाली तसे वडील उठले, धोतर झटकलं, आणि जाता जाता म्हणाले, “घोंगडी जपून ठेव. तुझी आई पुढच्या महिन्यात तुला भेटायला येणार आहे.”